उद्योगांची सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

उद्योग समाजाचे देणे लागतो, हा विचार भारतास नवा नाही. धर्मशाळा, पाणपोया, अन्नछत्रे, पांजरपोळ आणि पाठशाळा या संस्था व्यापारी वर्गाच्या दानातूनच उभ्या राहिल्या. नवे घडले ते एवढेच, की २०१३ च्या कंपनी कायद्याने या देण्याची टक्केवारी ठरवून दिली. तेव्हापासून ‘सीएसआर’ हा शब्द वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात, चर्चासत्रांत आणि महाविद्यालयांच्या पत्रव्यवहारातही रूढ झाला. मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘कंपनीकडून मिळू शकणारा निधी’ एवढाच घेतला जातो. या अर्थसंकोचामुळे एक मूलभूत प्रश्न मागे पडतो : उद्योगाची जबाबदारी नफा मिळाल्यानंतर सुरू होते, की नफा मिळविताना?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार खानदेशातील तीन उदाहरणांच्या आधारे केला आहे. अमळनेर व जळगाव ही स्थळे पूर्वीच्या पूर्व खानदेशातील, तर शिरपूर हे पश्चिम खानदेशातील. तिन्ही ठिकाणी उद्योगाचा समाजाशी आलेला संबंध निरनिराळ्या स्वरूपाचा आहे. त्यांच्या तुलनेतून कायद्याची टक्केवारी काय मोजते आणि काय मोजत नाही, हे स्पष्ट होण्यास मदत होते.

संकल्पनेचा विकास

आधुनिक अर्थाने या विषयाची शास्त्रीय मांडणी हॉवर्ड बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५३ मध्ये केली. उद्योजकाने निर्णय घेताना समाजाची उद्दिष्टे व मूल्ये लक्षात घ्यावीत, असे त्याचे प्रतिपादन होते. याउलट मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, अशी भूमिका घेतली. आर्ची कॅरोल यांनी पुढे आर्थिक, कायदेशीर, नैतिक व परोपकारी अशा चार पातळ्या सांगून या वादास व्यवस्थित रूप दिले. कॅरोल यांच्या मांडणीत परोपकार सर्वांत वरच्या टोकाला आहे, पायाशी नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

शाश्वततेची संकल्पना वेगळ्या मार्गाने आली. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये आपला अहवाल सादर केला. भावी पिढ्यांची गरजा भागविण्याची क्षमता न घटविता आजच्या गरजा भागविणारा विकास तो शाश्वत विकास, ही व्याख्या त्यातून सर्वत्र पोहोचली. एका संकल्पनेचा भर माणसांतील न्यायावर, तर दुसरीचा पिढ्यांतील न्यायावर आहे. दोन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय उद्योगाच्या जबाबदारीचे पूर्ण चित्र मिळत नाही.

भारतीय परंपरेत महात्मा गांधींची विश्वस्ततेची कल्पना या दोहोंना जोडणारी ठरते. धनिक हा संपत्तीचा मालक नसून विश्वस्त आहे, असे ती सांगते. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्यामुळे या विचारविश्वाशी खानदेशचे नाते ऐतिहासिक आहे.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. लगतच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिला हे कलम लागू होते. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. कोणती कामे या खर्चास पात्र ठरतात, हे अनुसूची ७ मध्ये दिले आहे. शिक्षण, आरोग्य, पर्यावरणाचा समतोल, ग्रामविकास इत्यादींचा त्यात समावेश होतो. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कलमात म्हटले आहे.

आरंभी ही तरतूद ‘पाळा, अन्यथा कारण सांगा’ अशा स्वरूपाची होती. जानेवारी २०२१ पासून ती अधिक कडक झाली. चालू प्रकल्पासाठी राखलेली अखर्चित रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्चावी लागते. इतर अखर्चित रक्कम अनुसूचीत नमूद केलेल्या निधीत जमा करावी लागते. मोठ्या खर्चाच्या कंपन्यांना ठरावीक रकमेवरील प्रकल्पांच्या परिणामांचे त्रयस्थ संस्थेकडून मूल्यमापन करून घेणेही बंधनकारक झाले.

या तरतुदींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या तीन मर्यादा खानदेशच्या संदर्भात ठळकपणे जाणवतात. पहिली मर्यादा उंबरठ्याची. जळगावचे डाळ व चटई उद्योग, धुळ्याचे यंत्रमाग व तेल उद्योग, दोन्ही जिल्ह्यांतील जिनिंग कारखाने यांपैकी बहुसंख्य घटक लघू वा मध्यम स्वरूपाचे असल्याने या कलमाच्या कक्षेत येत नाहीत. पाणी, मजूर व परिसर यांच्याशी त्यांचा संबंध मात्र रोजचा असतो. दुसरी मर्यादा नफ्याची. कंपनी सातत्याने तोट्यात गेली, तर सरासरी नफाच उरत नाही आणि त्यासोबत बंधनही संपते. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे सामाजिक खर्चात धरली जात नाहीत. पळवाट रोखण्यासाठी हा नियम आवश्यकच आहे. पण समजा, एखाद्या कंपनीचा सरासरी निव्वळ नफा १०० कोटी रुपये आहे. तेव्हा कायदा विचारतो तो २ कोटींचा हिशेब. उरलेले ९८ कोटी कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या नैसर्गिक साधनातून आले, हा प्रश्न या कलमाच्या बाहेर राहतो.

अमळनेर : दान आणि भागीदारी

बोरी नदीकाठच्या अमळनेरने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापड गिरणीचे गाव म्हणून लौकिक मिळविला. प्रताप मिलचे संस्थापक श्रीमंत प्रतापशेठ यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा विद्येच्या कार्यासाठी दिला. १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप हायस्कूल आणि १९४५ मध्ये सुरू झालेले प्रताप महाविद्यालय ही त्याची साक्ष होय. गिरणीचे वैभव काळाच्या ओघात ओसरले. विद्येच्या क्षेत्रातील तिची पुण्याई मात्र टिकून राहिली.

या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच उद्बोधक आहे. साने गुरुजी तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आले आणि १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे हेच साने गुरुजी खानदेशातील शेतकरी व गिरणी कामगारांच्या लढ्यांत अग्रभागी राहिले. उद्योगपतीच्या दानाने पोसलेल्या शाळेतील शिक्षक कामगारांच्या बाजूने उभा राहतो, यात कृतघ्नता नाही. दान आणि वेतन ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. एकाने दुसरे फिटत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

याच गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. विप्रो या नावाने ती आज जगभर ओळखली जाते. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी तिची सूत्रे हाती घेतली. या कंपनीचे समभाग अमळनेर परिसरातील अनेक सामान्य कुटुंबांकडे आले आणि काहींनी ते पिढ्यान्पिढ्या सांभाळले. कंपनी माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात गेल्यावर त्या समभागांचे मूल्य कित्येक पटींनी वाढले. येथे समाजाला मिळालेला लाभ दानाचा नव्हता, भागीदारीचा होता. घेणाऱ्याने हात पसरला नव्हता. आपली अल्प बचत गुंतवून त्याने जोखीमही पत्करली होती.

अझीम प्रेमजी यांनी पुढे शिक्षणक्षेत्रासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. मार्च २०१९ पर्यंत विप्रोतील सुमारे ६७ टक्के आर्थिक हितसंबंध परोपकारी कार्यासाठी देण्यात आल्याचे जाहीर झाले. हे दान मालकाच्या वैयक्तिक संपत्तीतून झालेले आहे. कलम १३५ खालील कंपनीच्या खर्चाहून ते वेगळे असून अध्यापनात हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.

जळगाव : व्यवसायातच सामावलेली जबाबदारी

वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विक्रीपासून व्यवसायास प्रारंभ केला. पपईच्या चिकापासून पपेन, नंतर पीव्हीसी पाइप आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन, असा त्यांच्या उद्योगाचा विस्तार झाला. ठिबकाचे तंत्र इस्रायलमध्ये विकसित झाले होते. ते अल्पभूधारकाच्या शेतापर्यंत नेण्यासाठी संच पुरविणे पुरेसे नव्हते. आखणी, प्रशिक्षण, खतव्यवस्थापन व विक्रीनंतरची सेवा यांचीही जोड द्यावी लागली. ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ केळीची रोपे, कांद्याची करार शेती व फळप्रक्रिया यांमुळे शेतकरी हा एकाच वेळी कंपनीचा ग्राहक आणि पुरवठादार बनला.

या उद्योगसमूहाने शिक्षणक्षेत्रात अनुभूती ही निवासी शाळा उभारली. जैन हिल्स परिसरातील गांधी तीर्थाचे उद्घाटन २५ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. हे कार्य परोपकाराच्या पातळीवरचे. पण कंपनीचा खानदेशावरील खोल परिणाम तिच्या मुख्य व्यवसायातून झाला. ऊतिसंवर्धित रोप, ठिबक आणि ठिबकातून दिलेले खत यांच्या एकत्रित वापराने केळीचा हंगाम सुमारे दीड वर्षावरून एका वर्षाच्या आसपास आला, घडाचे वजन वाढले आणि निर्यातक्षम माल तयार होऊ लागला. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या परिवर्तनाचीही पार्श्वभूमी आहे.

व्यवसायात सामावलेली जबाबदारीही संकटमुक्त नसते. २०१९ मध्ये ही कंपनी कर्जफेडीच्या गंभीर अडचणीत सापडली. कर्जाच्या पुनर्रचनेचा आराखडा २०२२ मध्ये अमलात आला. शेतकरी, पुरवठादार आणि कामगार ज्या उद्योगाशी इतके निगडित असतात, तेथे आर्थिक शिस्त ही केवळ भागधारकांची बाब राहत नाही. कॅरोल यांनी आर्थिक जबाबदारी पायाशी का ठेवली, हे अशा प्रसंगी कळते.

केळी पट्ट्यातील विरोधाभास

रावेर, यावल व चोपडा हे तालुके सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत पसरलेले आहेत. पायथ्याशी दगडगोट्यांचा पाणी मुरविणारा पट्टा आणि त्याखाली तापीचा गाळाचा जाड थर, अशी येथील भूरचना आहे. याच भूजलावर केळीची समृद्धी उभी राहिली. आणि याच पट्ट्यातील रावेर व यावल तालुक्यांची गणना भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या क्षेत्रांत होत आली आहे. पाणी वाचविणारे तंत्र ज्या प्रदेशात सर्वाधिक रुजले, तेथेच भूजल खोल जावे, हा विरोधाभास कसा समजून घ्यावा?

इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशाविषयी असेच निरीक्षण नोंदविले होते. वाफेचे यंत्र जसजसे कार्यक्षम झाले, तसतसा कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढला, कारण प्रत्येक टनामागे मिळणारा लाभ वाढला. ठिबकाबाबतही हेच संभवते. प्रति झाड पाणी कमी लागते. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवितो, किंवा अधिक पाण्याचे व अधिक लाभाचे पीक घेतो. शिवाय पाटपाण्याने भिजविताना जे पाणी ‘वाया’ जाते असे म्हटले जाते, त्यातील काही भाग मुरून पुन्हा विहिरीलाच मिळत असतो. ठिबकात हा परतावा घटतो. शेतीपंपाच्या विजेचा आकार वापरावर अवलंबून नसल्याने अधिक उपशाला खर्चाचा अटकाव राहत नाही. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची राज्य शासनाची योजना आल्यानंतर तर ही बाब अधिकच विचारार्ह झाली आहे.

याचा अर्थ ठिबक निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. ठिबक नसते तर आजच्या केळीक्षेत्रास याहूनही अधिक उपसा लागला असता. मुद्दा इतकाच, की तंत्रज्ञान कार्यक्षमता देते, मर्यादा देत नाही. मर्यादा समाजाला ठरवावी लागते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. त्यात पाण्याच्या वापराची माहिती द्यावी लागते. परंतु तो हिशेब मुख्यतः कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचा असतो. उत्पादन विकल्यानंतर ग्राहकाच्या विहिरीत काय घडते, ते त्या तक्त्यात दिसत नाही. खानदेशातील शाश्वततेचा निर्णय तर त्या विहिरीतच होणार आहे.

शिरपूर : कायद्याबाहेरील उदाहरण

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास भूजल पुनर्भरणाचे एक वेगळे कार्य सुरू झाले. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अमरीशभाई पटेल यांच्या पुढाकाराने नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण करून त्यांवर साखळी पद्धतीने सिमेंट बंधारे बांधण्यात आले. हेच ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाले. या कामास निधी पुरविण्यात तेथील प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीचा मोठा वाटा होता.

सहकारी सूतगिरणी ही कंपनी कायद्याखालील कंपनी नव्हे. तिला कलम १३५ लागू होत नाही. तसेच हे कार्य कलम अस्तित्वात येण्याच्या सुमारे दशकभर आधी सुरू झाले. सूतगिरणीला कापूस लागतो, कापसाला पाणी लागते आणि सभासद शेतकऱ्याची विहीर कोरडी पडल्यास गिरणीही फार काळ चालत नाही. येथे परोपकार व स्वहित यांत विरोध उरला नाही. ज्या साधनावर उद्योग उभा आहे त्यातच त्याने पुन्हा गुंतवणूक केली, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय.

या पद्धतीवर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. गाळाच्या व बेसाल्टच्या प्रदेशात खोलीकरणाचे परिणाम सारखे नसतात. पाणलोटाच्या माथ्यावरील उपचार न करता केवळ नाला खोदल्यास वरच्या बाजूचे भूजल उघडे पडून वाहून जाऊ शकते. एका तालुक्यातील यश भूरचनेचा विचार न करता सर्वत्र राबविणे इष्ट नाही. शिवाय पुनर्भरण झालेल्या पाण्याचा उपसा कोणी, किती करावा, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतोच.

मर्यादेची परंपरा

या प्रश्नाचे एक जुने उत्तर धुळे जिल्ह्यातच आहे. पांझरा नदीवर शतकानुशतके चालत आलेल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्र फडांमध्ये विभागले जाई. एका फडात सर्वांनी ठरलेले पीक घ्यावयाचे, पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने पाणी द्यावयाचे आणि पाणी कमी असेल त्या वर्षी काही क्षेत्र पडीक ठेवावयाचे, असा तिचा दंडक होता. वरच्या बाजूस धरणे झाल्यावर व वैयक्तिक विहिरी वाढल्यावर ही व्यवस्था क्षीण झाली. फडात ठिबकाची कार्यक्षमता नव्हती. ठिबकात फडाची मर्यादा नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये अधिसूचित क्षेत्रासाठी पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक आराखड्याची तरतूद आहे. तिचा गाभा फडाच्या तत्त्वाहून फारसा निराळा नाही. उद्योग, शेतकरी आणि शासन यांनी कार्यक्षमता व मर्यादा एकत्र आणणे, हेच खानदेशातील सामाजिक जबाबदारीचे आजचे मुख्य कार्य ठरते.

महाविद्यालयांची भूमिका

महाविद्यालये सीएसआर निधीची लाभार्थी असतात, तशीच ती त्याची परीक्षकही होऊ शकतात. सध्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुधा कंपनीच्या वार्षिक अहवालातील खर्चाचे आकडे उतरविण्यापुरते मर्यादित राहतात. त्याऐवजी चार प्रश्न समोर ठेवता येतील : उद्योगाचा नफा कोणत्या स्थानिक साधनावर अवलंबून आहे? त्या साधनाची स्थिती दहा वर्षांत सुधारली की खालावली? व्यवसायाच्या जोखमीत व लाभात स्थानिकांचा वाटा किती? आणि सामाजिक खर्चाचा विषय स्थानिक गरजेशी जुळतो काय?

यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा नोंदविते. वाणिज्य व भूगोल विभागांनी एकत्र येऊन चार-पाच गावांच्या नोंदी, पीकक्षेत्र आणि कंपनीचे अहवाल शेजारी-शेजारी ठेवले, तरी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिक्षेत्रासाठी मोलाची सामग्री जमा होऊ शकेल.

समारोप

अमळनेरने दान आणि भागीदारी यांतील भेद दाखविला, जळगावने व्यवसायातच समाजहित सामावता येते हे सिद्ध केले आणि शिरपूरने उद्योगाने आपल्या आधारभूत साधनात पुन्हा गुंतवणूक करावी, हा मार्ग दाखविला. या तिन्हींपैकी कोणतेही कार्य दोन टक्क्यांच्या कलमातून जन्मलेले नाही. कायदा किमान मर्यादा आखतो आणि ती आवश्यकही आहे. परंतु त्या किमान मर्यादेलाच जबाबदारीचे पूर्ण माप समजणे चुकीचे ठरेल. शाळेला मिळालेल्या संगणकांची संख्या अहवालात नोंदली जाते. त्याच गावातील विहिरीची पातळी किती फुटांनी खाली गेली, याचीही नोंद त्याच पानावर होईल, तेव्हा उद्योगाच्या सामाजिक जबाबदारीचा हिशेब पूर्ण झाला असे म्हणता येईल.